पाटी

बर्नी, टास्मानिया
४ एप्रिल २०१२

प्रिय मर्ल,

फोन फिरवून फिरवून माझं बोट झिजलं. तुमच्या घरचा फोन अजून उशीखालीच असतो की काय? क्लॅरीला जाऊन दोन महिने होत आले. मी त्याची सख्खी थोरली बहीण, आणि त्याच्या बायकोशी चार शब्द बोलायला मला तिकीट चिकटवावं लागतंय. बरं, चिकटवते. तू निदान वाच तरी.

परवा जॅनीनचा पर्थहून फोन आला होता. तुझ्या लेकीला तुझी काळजी लागलीय. म्हणाली, आई झोपत नाही, धड जेवत नाही, बोलते तेव्हा पाटीवरचं वाचून दाखवल्यासारखी बोलते. मी म्हटलं, तुझी आई पहिल्यापासून कमी बोलणारी, सगळं बोलणं आमच्या खानदानाने खाल्लं. पण मर्ल, खरंच झोपत नाहीस का गं?

आमच्या इथे बोलिंग क्लबच्या मागच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी झोपेचा वर्ग सुरू झालाय. हसू नकोस. शिकवणारी पोरगी पंचविशीची, आणि ती आम्हाला झोपायला शिकवते! पहिल्याच दिवशी एक आजोबा तिचं बोलणं चालू असताना घोरायला लागले. तिने त्यांना उठवलं नाही, म्हणाली, यांचा वर्गात पहिला नंबर. पोरगी गुणाची आहे. तिचं म्हणणं असं की सकाळी उठलं की आधी बाहेर उजेडात जाऊन बसायचं. चहाबिहा नंतर. डोळ्यांना दिवस उगवल्याचं कळलं पाहिजे, म्हणजे रात्र झाल्याचंही कळतं. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. दुपारी ताणून द्यायची नाही. आणि संध्याकाळनंतर चहा बंद. तो मुद्दा मला पटलेला नाही, पण तुला कळवते.

मी वर्गाला जाते ती तुझ्यासाठीच. माझी झोप दगडासारखी आहे, तुला माहीतच आहे.

तर उद्यापासून सकाळी पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बस, आणि मला तसं कळव.

तुझी,
व्हर्ना


पोर्ट पिरी
१९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

पत्र मिळालं. मी ठीक आहे.

सकाळी उजेडात बसायचं लिहिलंस. मी मागच्या स्वयंपाकघरात बसते. पडदे लावलेले असतात. उघडायचं ध्यानात येत नाही.

सकाळी खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसते. गावातल्या शिशाच्या भट्टीची धूळ बसलेली असते. जॅनीन रांगत होती तेव्हापासून पुसते, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. आता घरात कोणी रांगत नाही, तरी पुसते. मग खुर्चीत बसते. मग दुपार होते.

झोपेचं म्हणशील तर रात्री पडून असते. त्यात नवं काही नाही, रात्री मी एकटीच असायचे. उजाडायच्या आधी जाग येते. त्याच्या गाडीचा आवाज यायची ती वेळ. तो निवृत्त झाल्यावरसुद्धा त्याच वेळी मागच्या शेडमधून आत यायचा. त्याच्या अंगातली रात्रपाळी काही सुटली नाही, रात्रभर शेडमध्ये ठोकाठोक आणि दिवसा झोप. मी उठून अंडी फोडायला घेते. कालही दोन फोडली.

मला वाईट वाटत नाही, व्हर्ना. सगळे विचारतात म्हणून सांगते. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो ना, तसं सगळं आहे.

गल्लीही शांत झालीय. समोर पोरं क्रिकेट खेळायची, ती आता दिसत नाहीत. मोठी झाली असतील. दफनानंतर कोणी घरी आलेलं नाही. पायरीवर काही ना काही ठेवून जातात. टोमॅटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले खेकडे. गेल्या आठवड्यात मांस-बटाटा भरलेल्या पास्त्या होत्या, अजून गरम. मुरड बघून कळलं, समोरच्या डॉटच्या हातची. दार न वाजवताच गेली. नवरा मेलेल्या बाईशी काय बोलायचं, हे लोकांना कळत नसेल. मलाही कळलं नसतं.

तुझी,
मर्ल


बर्नी
६ मे

प्रिय मर्ल,

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. तुझ्यावर नाही, तुझ्या त्या शेजाऱ्यांवर! क्लॅरीने ज्यांच्या खांद्याला खांदा लावून अख्खा जन्म भट्टीपुढे काढला, त्यांना पायरीवर टोमॅटो ठेवायला येतं आणि दारावर दोन टकटक करायला येत नाही? मांजराला ठेवतात तसं ठेवून जातात? आणि ती डॉट! दफनाच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली होती, माझी नवी कॉलर भिजवली. तोंडदेखलं सगळं.

इथे माझं उलटं आहे. या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत कोणी दार वाजवतसुद्धा नाही, थेट आत येतात. कालच मी न्हाणीघरात असताना शेजारीण येऊन माझी बिस्किटं खात बसली होती. बाहेरून विचारते कशी, 'व्हर्ना, आल्याची संपली का गं?'

आमच्या वर्गातली पोरगी म्हणते, झोप आणि मन एकाच दोरीला बांधलेली असतात, एक ओढलं की दुसरं येतं. म्हणून दिवसातून एकदा तरी माणसाचं तोंड बघायचं. रेडिओ चालत नाही, जिवंत माणूस लागतं. तू पुढच्या व्हरांड्यात बसलीस का? बसली नसशीलच. ते पडदे आधी उघड. आणि अंडी एकच फोड गं, मर्ल.

जॅनीन पर्थमधल्या कुठल्या तरी वृद्धाश्रमाचं बोलत होती. मी म्हटलं, थोडी थांब. मला तुझ्याकडून काहीतरी बरं कळू दे, म्हणजे मी तिला थोपवून धरते.

तुझी,
व्हर्ना


पोर्ट पिरी
११ जून

प्रिय व्हर्ना,

उशीर झाला. पत्र लिहायला बसत होते आणि तशीच उठत होते.

जॅनीनने पर्थची खोली नक्की केलीय. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं म्हणाली. ऑगस्टच्या शेवटी ती सामान बांधायला येणार आहे. त्याआधी इथल्या आरोग्यकेंद्राची नर्स मला बघून जाणार आणि ही बाई एकटी राहू शकते की नाही ते लिहून देणार. ती येतेय म्हणतात, पण आलेली नाही. पत्रपेटीत दोनदा तिचं कार्ड सापडलं, 'भेट होऊ शकली नाही.' मी घरातच होते. कुठे जाणार? जॅनीनला वाटतं मी मुद्दाम दार उघडत नाही. तिने मला फोनवर विचारलं, आई, तू आत लपून बसतेस का? मी नाही म्हटलं. तिला खरं वाटलं नाही. नर्सची भेट झाली नाही तर ती मला नेणारच.

नेऊ दे. खोली ती खोली.

एवढंच वाटतं, तिथे गडबड असणार. इथे मला माझ्या पद्धतीने राहता येतं. मी घरात मोज्यांवर चालते. नळ बारीक सोडते. रेडिओ लावते तो कान टेकवला तर ऐकू येईल इतकाच. केटलची शिट्टी मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच काढून टाकली होती, ती अजून खणात आहे. बेडरूमचं दार लोटलेलं असतं, त्यावरून जाताना श्वाससुद्धा जपून घेते. सवय झालीय. दिवसभर असं असलं की बरं असतं. मग संध्याकाळ होते आणि त्याला उठवायची वेळ होते, तेव्हा काय करायचं ते कळत नाही. मी तिथेच बसते.

वर्गातल्या मुलीला माझ्यासाठी तसदी देऊ नकोस.

मर्ल


बर्नी
१८ जून

मिस्टर लेन पास्को,

मी व्हर्ना हॅरोप, क्लॅरी ट्रेझाइजची बहीण. दफनाच्या दिवशी शवपेटीला पुढून खांदा देणारे तुम्ही, आणि आपल्याला काहीही लागलं तर हाक मारा म्हणणारेही तुम्हीच. म्हणून पहिली हाक तुम्हालाच.

तुमच्या घरासमोर एक बाई आतल्या आत विझत चाललीय. तुमच्या पुढच्या खिडकीतून तिचं दार दिसतं. तुमची बायको तिच्या पायरीवर पास्त्या ठेवते आणि पळून जाते. अख्ख्या गल्लीने तिला वाळीत टाकलंय. क्लॅरी असता तर त्याने काय म्हटलं असतं ते मी इथे लिहीत नाही, पोस्टातल्या बायका वाचतात.

ऑगस्टमध्ये तिला पर्थला नेणार आहेत. तेव्हा तरी निरोप द्यायला दार वाजवा. लाज असेल तर.

व्हर्ना हॅरोप


पोर्ट पिरी
२७ जून

मिसेस हॅरोप,

मला पत्रं लिहायची सवय नाही. डॉट शेजारी बसून सांगतेय, पण लिहितोय मीच.

तुमचं पत्र वाचून डॉट रडली. मग मला म्हणाली, लेन, या बाईला पाटी माहीत नाही.

तुम्ही दफनाला आलात तेव्हा सगळं चर्चमध्ये आणि नंतर क्लबात झालं. मर्लच्या घराच्या पुढच्या दारापाशी तुम्ही गेलाच नाहीत. दाराशेजारी पत्र्याची पाटी आहे, क्लॅरीने स्वतः रंगवलेली. 'रात्रपाळी. माणूस झोपलाय. दार वाजवू नये.' या गावात अशा पाट्या घरोघर असायच्या. पाटी असली की दार वाजवायचं नाही म्हणजे नाही. आग लागली तरी आम्ही आधी खिडकीतून डोकावून बघितलं असतं. लहानपणी मी एकदा एका पाटीवाल्याच्या दारावर बॉल मारला होता, माझ्या बापाने मला त्या घरासमोर उभं करून बडवलं. मागच्या गल्लीतून जावं तर तिकडच्या फाटकाला क्लॅरीने आतून कडी बसवलीय, त्याच कारणासाठी.

क्लॅरी गेल्यावर पाटी निघेल असं वाटलं होतं. निघाली नाही. मग जॅनीन डॉटला म्हणाली की आईला रात्री झोप लागत नाही. तेव्हा आम्ही धरून चाललो की आता मर्ल दिवसा झोपते. पाटी तिने तिच्यासाठी ठेवलीय. डॉटने पोरांना बजावलं, इथे खेळायचं नाही, म्हातारीला दोन तास तरी डोळा लागू दे. कचऱ्याच्या गाडीवालासुद्धा तिच्या घरापुढे डबा उचलून नेतो, ओढत नेत नाही. नर्सही इथलीच, भट्टीवाल्याची मुलगी. तीही पाटी बघून परत गेली. आम्हाला वाटत होतं आपण तिची काळजी घेतोय.

डॉट म्हणते, वाळीत टाकलं हा शब्द परत घ्या. मी म्हणतो, राहू दे.

पाटी मी काढून टाकली असती. पण ती क्लॅरीची आहे. दुसऱ्याच्या दारावरची पाटी आपण काढायची नसते. तिनेच काढायला हवी, नाहीतर आम्हाला आत बोलवायला हवं.

लेन पास्को


बर्नी
४ जुलै

प्रिय मर्ल,

लेनचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? मी त्या भल्या माणसाला नको नको ते बोलले. त्याला माफीचं पत्र आणि डॉटला टास्मानियाचं चीज पाठवलंय. अख्खी गल्ली तुझ्यासाठी चवड्यांवर चालतेय, आणि तू आत क्लॅरीसाठी चवड्यांवर चालतेयस. आतलेही गप्प, बाहेरचेही गप्प, आणि झोपलेलं कोणीच नाही.

मर्ल, ती पाटी काढ. क्लॅरीला आता त्रास होणार नाही. आणि खरं सांगू, त्याला कधीच होत नव्हता. लहानपणी तो लोकरीच्या गठ्ठ्यांवर झोपायचा, शेजारी मेंढ्या ओरडत असायच्या. शाळेच्या बँडमध्ये ढोलाला टेकून झोपला होता!

आणखी एक. मी तुला खोटं लिहिलं होतं. दगडासारखी झोप वगैरे काही नाही. क्लॅरी गेल्यापासून मलाही झोप नाही. त्या वर्गात मी माझंच नाव घातलं होतं. सगळं करते, उजेडात बसते, संध्याकाळचा चहासुद्धा सोडला, आणि पलंगावर पडले की माझा धाकटा भाऊ माझ्याआधी गेला एवढंच डोक्यात फिरत राहतं. मला फार वाईट वाटतं गं. तुझ्यासमोर ते बोलायची लाज वाटली. तू नवरा गमावलास आणि कुरकुर केली नाहीस, मी कोण रडणारी?

नर्स येण्याआधी पाटी काढ. नाहीतर ती पुन्हा परत जाईल आणि जॅनीन तुला घेऊन जाईल.

तुझी,
व्हर्ना


पोर्ट पिरी
२० जुलै

व्हर्ना,

पाटी राहू दे.

लहानपणी झोपत असेल. भट्टीवरून आलेला माणूस तसा झोपत नाही. तुला माहीत नाही. एकदा जॅनीनच्या हातून झाकण पडलं तेव्हा तो दचकून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. घामाने निथळत होता. माझ्याकडे बघत होता आणि मी कोण ते त्याला कळत नव्हतं. त्यानंतर मी या घरात झाकण पडू दिलेलं नाही.

ते एक काम मला चांगलं जमायचं.

लेनने आणि डॉटने चांगल्या मनाने केलं. त्यांना तसं सांग.

तुला झोप लागत नाही हे वाचलं. तुला तरी वाईट वाटतंय. बरं आहे.

मर्ल


बर्नी
२ ऑगस्ट

प्रिय मर्ल,

ठीक आहे. तुझं घर, तुझी पाटी. मी काढ म्हणणार नाही.

ते झाकणाचं मला माहीत नव्हतं. त्याने मला कधी सांगितलं नाही. फोनवर नेहमी एकच म्हणायचा, 'झोप मस्त लागते, व्हर्ना, मर्ल मुंगीलासुद्धा घरात बूट घालू देत नाही.' मला तेव्हा हसू यायचं. आता तेच वाक्य घेऊन बसलेय.

तू ते काम चांगलं केलंस. ते झालं, एवढंच मला म्हणायचंय. तो आता जिथे झोपलाय तिथे पहारा लागत नाही. मी स्वतः बघितलंय, मूठभर माती टाकलीय. तूही टाकलीस.

एवढं लिहून थांबते. तुला पर्थला जायचं असेल तर जा, मी तिथे लिहीन. पण जायचं नसेल तर कुणाला तरी कळू दे की तू जागी आहेस.

व्हर्ना


पोर्ट पिरी
९ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

आधी महत्त्वाचं सांगते. मी पर्थला जात नाही. जॅनीन आली होती, चार दिवस राहिली, सामान न बांधताच परत गेली. लिंबाचं झाड दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. झोप लागते असं नाही, पण काही रात्री लागते. सकाळी डॉट मला व्हरांड्यात बसलेली बघते आणि तिचा कप घेऊन इकडे येते. ती फार बोलते. तुझ्याइतकी नाही.

आता झालं कसं ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नर्सचं तिसरं कार्ड आलं. मंगळवारी शेवटचं येऊन जाते, भेट झाली नाही तर तसं मुलीला कळवावं लागेल. मी ते कार्ड टेबलावर ठेवलं. सोमवारी ते टेबलावर होतं. मंगळवारी सकाळी मी पुढचं दार उघडून बाहेर गेले आणि पाटीसमोर उभी राहिले. व्हर्ना, ती पाटी मला दिसतच नव्हती. मी रोज पायरीवरचे टोमॅटो उचलत होते, आणि ती माझ्या कानाशी होती. त्याचं अक्षर. 'नये'मधला 'ये' खाली घसरलाय, त्याला जागा पुरली नव्हती.

मी शेडमधून पेचकस आणला. वाटलं होतं स्क्रू गंजलेले असतील, मला जमणार नाही, मग माझ्यावर काही येणार नाही. पण ते लोण्यासारखे सुटले. त्याने ग्रीस लावून ठेवलं होतं. दर वर्षी काढून रंगवायचा ना. पाटी मी शेडमध्ये त्याच्या बाकावर ठेवली, अक्षरांची बाजू वर करून. भिंतीवर तिच्या जागी जुन्या हिरव्या रंगाचा चौकोन राहिला. तो रंग मी विसरले होते. आम्ही आलो तेव्हा घर हिरवं होतं.

मग आत येऊन खुर्चीत बसले. मोज्यांवरच. काही वाटत नव्हतं.

आणि दार वाजलं.

या घरात दिवसाउजेडी दार वाजलेलं मी जॅनीनच्या जन्मानंतर ऐकलं नव्हतं. माझा हात आपसूक तोंडाशी गेला आणि मी 'शूऽऽ' केलं. नर्सला नाही, ती बाहेर होती. उगाच, सगळ्यांना. मग कान बेडरूमकडे लावून बसले. पलंग करकरेल. पाय जमिनीवर येतील. तो भिंतीला पाठ लावून उभा राहील आणि मला आत जाऊन सांगावं लागेल, काही नाही क्लॅरी, मी आहे, मर्ल आहे.

दार पुन्हा वाजलं. जोरात.

तो उठला नाही, व्हर्ना.

मी वाट बघितली. तो उठला नाही. तेव्हा मला रडू आलं, मोठ्याने, आणि तशीच रडत जाऊन मी दार उघडलं.

तुझी,
मर्ल